मांस सोडलं, त्या जागी काय आलं?

मांसाहार सोडणं तब्येतीला चांगलं की वाईट, हा विषय निघाला की आवाज चढतातच. मागे अशाच एका बैठकीत दोन शिकलेली, वाचणारी माणसं तासभर भांडत होती. एकाचं म्हणणं, माणसाला सुळे मिळालेत ते कशासाठी? दुसऱ्याचं म्हणणं, माणसाची आतडी वाघासारखी आखूड नाहीत, मग? एकाने दाखल्याला सिंह आणला, दुसऱ्याने हत्ती. कोपऱ्यात एक तरुण आई दीड वर्षाच्या मुलीला भरवत बसली होती. वाटी अर्धी संपली होती आणि मुलगी तोंड फिरवत होती. त्या घरात तीन वर्षांपूर्वी मांस बंद झालं, आणि त्याबरोबर दूध-अंडीही. आईने मध्येच विचारलं, "ते सगळं ठीक आहे काका, पण हिला नेमकं काय देऊ? आणि देते ते पुरतंय की नाही, हे मला कळणार कसं?" दोघेही क्षणभर थांबले आणि पुन्हा सुळ्यांकडे वळले.

या वादाचं सगळं दुखणं त्या क्षणात आहे. मांस चांगलं की वाईट यावर आपण हिरिरीने बोलतो. मांस गेल्यावर ताटात रिकाम्या झालेल्या जागेत काय आलं, आणि ते ताट कोणासमोर आहे, हे विचारतच नाही. माझं मत आधीच सांगतो. नीट आखलेला मांसविरहित आहार सुदृढ प्रौढ माणसाला पुरेसा आहे आणि काही बाबतींत फायद्याचाही आहे. दूध आणि अंडी चालत असतील तर मुलंही त्यावर उत्तम वाढू शकतात. पण दूध-अंडीही वर्ज्य असतील, तर लहान मुलाच्या बाबतीत पूरक जीवनसत्त्वं आणि नियमित तपासणी ही पालकांची हौस राहत नाही, ती जबाबदारी होते. प्रौढाला जे मानवलं ते मुलालाही मानवेल, हे गृहीत धरण्यात खरा धोका आहे.

सुळे आणि आतड्यांचा निकाल आधी लावून टाकू. दातांवरून एवढंच कळतं की आपल्या पूर्वजांना काय काय खाता येत होतं. मिळेल ते खाऊन, मूलबाळ होऊन ते हाताशी येईपर्यंत तग धरणं ही त्यांची गरज होती. साठीत हृदयाच्या धमन्या तुंबतील का, याच्याशी निसर्गाच्या निवडीला फारसं कर्तव्य नव्हतं, कारण तोवर पुढची पिढी जन्माला आलेली असे. मग सत्तरीपर्यंत धडधाकट राहण्यासाठी काय खावं, याचं उत्तर सुळ्यांत कसं सापडणार? आतड्यांच्या लांबीतही ते सापडत नाही. दोन्ही बाजूंनी हा मुद्दा सोडून दिला तर वादाचा निम्मा वेळ वाचेल.

प्रौढांबद्दल आपल्याकडे बरीच भक्कम माहिती आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथातल्या ७३,३०८ लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शाकाहारींमधलं मृत्यूचं प्रमाण मांसाहारींपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होतं. या पंथात धूम्रपान आणि दारू जवळजवळ नाहीच, त्यामुळे तुलना बरीचशी सारख्या राहणीच्या माणसांत झाली. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ४८ हजारांहून अधिक लोकांवर १८ वर्षं लक्ष ठेवलं. २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी आढळला.

शाकाहाराचे समर्थक हा आकडा सांगून थांबतात आणि तिथेच ते वादाशी बेइमानी करतात. त्याच पाहणीत, त्याच शाकाहारींमध्ये, पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त आढळला होता. पुढच्याच वर्षी त्याच गटाच्या नोंदींवरून हाडांचा हिशेब आला. दूध-अंडीही न खाणाऱ्या व्हीगन मंडळींमध्ये खुब्याचं हाड मोडण्याचा धोका मांसाहारींच्या २.३ पट होता. वजन, कॅल्शियम आणि प्रथिनांतला फरक जमेस धरूनही तो पूर्ण पुसला गेला नाही. ब्रिटनमधल्या या शाकाहारींचा एकूण मृत्यूदर पाहिला, तर तितकीच काळजी घेणाऱ्या मांसाहारींपेक्षा तो फारसा वेगळा निघत नाही. म्हणजे मांस सोडलं की आयुष्य वाढतं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. हे कबूल करायला मला संकोच नाही. मग उरतं काय? दहा वर्षांत दर हजार माणसांमागे हृदयविकाराचे १० रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे ३ जास्त, असा त्या पाहणीचा हिशेब आहे. तो शाकाहाराच्या बाजूने झुकतो, पण फुकट नाही. हाडं आणि रक्तवाहिन्या आपली किंमत मागतात, आणि ताटाची आखणी करताना ती मोजावी लागते.

मांसाच्या विरोधातला सर्वांत गाजलेला पुरावाही असाच अर्धवट सांगितला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये खारवलेलं, धुरावलेलं, टिकवण्यासाठी प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात. लगेच 'मांस म्हणजे सिगारेट' असे मथळे झळकले. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. असं मांस रोज ५० ग्रॅम खाण्यामागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो अंदाज होता. शंभरातल्या ५ जणांना तो आजार होणार असेल, तर त्यांचे सुमारे ६ होतील. रोज असं मांस खाणाऱ्याने ते कमी करावं, याला हे कारण पुरेसं आहे. आठवड्यातून एकदा ताजा मासा खाणाऱ्याला घाबरवायला ते मुळीच पुरत नाही.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा. मांसात अशा काही गोष्टी आहेत ज्या वनस्पतींत नाहीत किंवा सहज मिळत नाहीत, आणि त्या जीवनावश्यक आहेत. हे शंभर टक्के खरं आहे. एकेकाळी पर्निशियस ॲनिमिया हा रक्तक्षय म्हणजे मृत्यूचा निरोप मानला जाई. माणूस पिवळा पडायचा, जीभ सोलवटायची, पाय बधिर व्हायचे, आणि काही वर्षांत तो जायचा. १९२६ मध्ये बॉस्टनचे जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी या डॉक्टरांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर यकृत खाऊ घातलं आणि मरणपंथाला लागलेली माणसं उठून बसली. १९३४ मध्ये या दोघांना, रक्तक्षयावरच काम करणाऱ्या जॉर्ज व्हिपल यांच्यासह, नोबेल मिळालं. मांसाच्या बाजूने यापेक्षा मोठा साक्षीदार कोणता आणायचा?

पण ही गोष्ट तिथे संपत नाही. यकृतात असं काय आहे, याचा शोध आणखी बावीस वर्षं चालला. १९४८ मध्ये त्यातून लाल स्फटिक वेगळे झाले आणि त्यांना बी-१२ हे नाव मिळालं. रुग्णांना तारणारी गोष्ट ती होती, आणि तिची रोजची गरज आहे सुमारे २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. हे जीवनसत्त्व प्राणीही तयार करत नाहीत, ते बनवतात जिवाणू. गाई-मेंढ्यांच्या पोटातले जिवाणू ते बनवतात, म्हणून ते त्यांच्या दुधा-मांसात उतरतं. आजच्या मोठ्या कुक्कुटपालनात तर ते खाद्यात मिसळून दिलं जातं. आणखी एक गोष्ट पाहा. पर्निशियस ॲनिमियाचे ते रुग्ण मांस खाणारेही होते. खाल्लेलं बी-१२ त्यांचं पोट शोषून घेऊ शकत नव्हतं. वय वाढतं तशी ही शोषणाची ताकद अनेकांची घटते. म्हणूनच अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांनी १९९८ पासून पन्नाशीपुढच्या सर्वांना, मांस खाणाऱ्यांनाही, बी-१२ गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यायला सांगितलं आहे. मांस खाल्लं म्हणजे या बाबतीत निर्धास्त झालो, हा समज दोन्ही बाजूंनी तपासून पाहण्यासारखा आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ज्या आहाराला गोळीचा टेकू लागतो, तो नैसर्गिक कसा? तो मुळात माणसासाठी नाहीच, याचाच हा पुरावा नाही का? या आक्षेपाचं उत्तर स्वित्झर्लंडच्या डोंगरांत आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गळ्याला गलगंड घेऊन माणसं जगली. काही दऱ्यांत मुलं खुरटी, बहिरी, मतिमंद जन्मत. त्या लोकांच्या आहारात दूध होतं, चीज होतं, मांसही होतं. नव्हतं ते मातीत आयोडीन, म्हणून ते गवतात नव्हतं, गाईत नव्हतं आणि माणसातही नव्हतं. १९२२ मध्ये तिथे आयोडीनयुक्त मीठ सुरू झालं आणि एका पिढीत चित्र पालटलं. त्या मिठाला आज कोणी अनैसर्गिक म्हणून नाकारतं का? बाहेरून मिसळलेली चिमूटभर गोष्ट हा आहाराचा कमीपणा धरायचा, तर जगातल्या बहुतेक स्वयंपाकघरांतलं मीठच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करावं लागेल. गोळी घेण्यात कमीपणा नाही. ती लागते हे माहीत असून 'नैसर्गिक'च्या हट्टापायी न घेणं, ही मात्र चूक आहे.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते पहिल्या महायुद्धातल्या डेन्मार्कचं. ते अर्धंच सांगितलं जातं, आणि दोन्ही अर्धी एकत्र ठेवली तरच त्याचा अर्थ लागतो. १९१७ मध्ये नाकेबंदीमुळे जनावरांचं खाद्य यायचं थांबलं. सरकारचे आहार सल्लागार मिकेल हिंडहेडे यांचा सल्ला सरळ होता. धान्य डुकरांना घालून मग डुकरं खाण्यापेक्षा ते माणसांनीच खावं. बहुतेक डुकरं मारली गेली. लोकांच्या ताटात कोंड्यासकट भाजलेला पाव, बार्ली, बटाटे, भाज्या आणि थोडं दूध आलं. पुढच्या वर्षभरात कोपनहेगनमधला मृत्यूदर ठळकपणे उतरला आणि हिंडहेडे यांनी तो जगापुढे मांडला. शाकाहाराच्या प्रचारात हा दाखला आजही फिरतो. पण त्याच वर्षी डेन्मार्कमध्ये दारूवर जबर कर बसला होता आणि दारू पिणं एकदम घटलं होतं. माणसं वाचली ती मांस कमी झाल्याने, दारू कमी झाल्याने, की एकूणच खाणं बेताचं झाल्याने? या नोंदींवरून ते वेगळं काढता येत नाही.

याच देशात, याच वर्षांत, दुसरी एक नोंद होत होती. बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉक यांच्याकडे लहान मुलं येत होती, ज्यांचे डोळे कोरडे पडत, बुबुळं ढगाळत आणि काहींची नजर कायमची जात होती. पोट भरण्याइतकं त्यांना मिळत होतं. पण डेन्मार्कचं लोणी परदेशी विकलं जाई, गरिबाघरच्या मुलांच्या वाट्याला साय काढलेलं दूध येई आणि पावाला त्या काळचं वनस्पती तेलाचं मार्गारीन. 'अ' जीवनसत्त्व लोण्याबरोबर देशाबाहेर चाललं होतं. नाकेबंदी आवळली तसं लोणी देशातच राहिलं. १९१७ च्या अखेरीस ते रेशनवर घरोघर मिळू लागलं, आणि १९१८ मध्ये हा आजार झपाट्याने ओसरला. म्हणजे जो काळ मोठ्यांच्या मृत्यूदरासाठी इतका गाजला, त्याच काळात मुलांची नजर जात होती आणि लोण्याच्या एका तुकड्याने ती वाचतही होती. तो तुकडा मांसाचा नव्हता, हे शाकाहारींनी लक्षात घ्यावं. आणि ताटातून काही काढताना त्याच्याबरोबर अदृश्यपणे काय निघून जातं याचा पत्ता लागत नाही, हेही. मोठ्यांच्या शरीरात साठा असतो, मुलांच्या शरीरात तो नसतो. त्यामुळे त्याच उणिवेचा फटका आधी मुलांना बसतो.

मुलांचा विचार निराळा करायचा तो यासाठीच. आईकडून मिळालेलं लोह बाळाला साधारण सहा महिने पुरतं. त्यापुढे, सहा महिने ते एक वर्ष या काळात, अमेरिकेतल्या मानकांप्रमाणे बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह हवं. धडधाकट पुरुषाला हवं ८ मिलिग्रॅम. आठ-नऊ किलोचं ते मूल, त्याचं मुठीएवढं पोट, आणि बापापेक्षा जास्त लोहाची गरज. मांसातलं लोह अंगी चांगलं लागतं. धान्य-कडधान्यांतल्या लोहाचा बराच भाग तसाच बाहेर पडतो, कारण त्यातली फायटेटं नावाची द्रव्यं ते धरून ठेवतात, जस्तही धरून ठेवतात. वर चोथा इतका की चार घास खाल्ले की पोट भरतं आणि अंगाला ऊर्जा पुरेशी लागत नाही. मोठ्या माणसाला वजन आटोक्यात ठेवायला हाच गुण कामी येतो. चोथ्याने पोट भरणं हे प्रौढाला औषध, आणि दीड वर्षाच्या मुलाला अडचण.

केनियाच्या एम्बू भागातला प्रयोग याच संदर्भात पुढे केला जातो. बारा शाळांपैकी बहुतेकांत मुलांना दोन वर्षं मधल्या वेळी मका-घेवड्याचं कालवण दिलं गेलं. काही शाळांत त्यात मांस घातलं, काहींत सोबत दूध दिलं, काहींत फक्त तेल वाढवलं, आणि काही शाळांना तुलनेसाठी यातलं काहीच दिलं नाही. तर्क लावून कोडी सोडवण्याच्या चाचणीत मांसाच्या गटातली मुलं पुढे गेली. मला हा प्रयोग मोलाचा वाटतो. ज्या मुलाच्या आहारात मका-घेवड्यापलीकडे जवळजवळ काहीच नाही, त्याच्या ताटातलं मांस कोणी तत्त्वासाठी काढू पाहत असेल, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. मात्र या प्रयोगात आधीच उणिवा असलेल्या मुलांच्या ताटात भर पडली होती. ज्याला दूध, अंडी, डाळी, तेलबिया, फळं आणि बी-१२ सगळं मिळतं, त्या मुलाचं मांसावाचून अडतं, असं त्यावरून निघत नाही.

अशा मुलांबद्दलचे पुरावे वेगळं सांगतात. कॅनडातल्या सुमारे नऊ हजार मुलांच्या पाहणीत, जी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, शाकाहारी मुलांची उंची आणि लोहाचा साठा इतरांसारखाच आढळला. वजन कमी असणाऱ्यांचं प्रमाण मात्र त्यांच्यात जवळपास दुप्पट होतं. जर्मनीत एक ते तीन वर्षांच्या ४३० मुलांत सरासरी वाढीत म्हणण्यासारखा फरक नव्हता, व्हीगन मुलांतही नाही. पोलंडमध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांकडे बारकाईने पाहिलं तेव्हा चित्र दुहेरी निघालं. व्हीगन मुलांचं वाईट कोलेस्टेरॉल २५ टक्क्यांनी कमी होतं, पण उंची सरासरी ३ सेंटिमीटरने कमी आणि हाडांतली खनिजंही कमी. वाढीच्या वयात हाडांत जे जमा होतं त्यावर म्हातारपण काढायचं असतं. मघाशी खुब्याचं हाड मोडण्याचा जो आकडा आपण पाहिला, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघावा. नेदरलँड्समधला १९८० च्या दशकातला अनुभव याहून कडक आहे. तिथल्या मॅक्रोबायोटिक (मुख्यतः धान्य-भाज्यांवर जगणाऱ्या) पंथाच्या घरांत दूध, मांस, गोळ्या काहीच नव्हतं. सहा-आठ महिन्यांनंतर मुलांची वाढ मागे पडली, काहींना मुडदूस झाला, बी-१२ घसरलं. त्यांतली काही मुलं किशोरवयात पुन्हा तपासली, तेव्हा बालपणानंतर दूध सुरू होऊनही काही बौद्धिक चाचण्यांत ती मागे होती.

'नीट आखलेला शाकाहार सर्व वयांना योग्य', हे अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१६ मधलं वाक्य सतत ऐकवलं जातं. त्यातला 'नीट आखलेला' हा शब्द बोलताना गळतो. त्याच संघटनेने २०२५ च्या निवेदनात विषय फक्त प्रौढांपुरता ठेवला आहे, आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया त्यातून वगळल्या आहेत. याचा अर्थ मुलांसाठी तो घातक ठरला, असा नाही. पण २०१६ च्या वाक्याचा दाखला देणाऱ्याने हेही सांगायला हवं.

प्राण्यांबद्दलच्या करुणेतून मांस सोडणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तुमच्या निर्णयाला तब्येतीचं प्रमाणपत्र लागत नाही. जीव घ्यायचा नाही, हे कारण स्वतःच्या पायावर उभं आहे. त्याला 'शिवाय हे सर्वांत आरोग्यदायी आहे' अशी पुस्ती जोडली की प्रत्येक नव्या पाहणीबरोबर तुमचं तत्त्व डळमळतं, आणि मग नकोसे आकडे लपवण्याचा मोह होतो. करुणेला एवढंच सिद्ध करायचं आहे की या वाटेने कोणाचं नुकसान होत नाही. ते सिद्ध करणं शक्य आहे, फक्त त्यासाठी आपल्या घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे सर्वांत आधी पाहावं लागतं.

त्या दिवशी बैठक उठल्यावर मी त्या आईजवळ जाऊन बसलो. तिचे प्रश्न साधे होते आणि त्यांना उत्तरं आहेत. कडधान्यं भिजवून, मोड आणून दे, फायटेटं कमी होतात. त्याच घासाबरोबर आंबट फळ दे, लोह जास्त शोषलं जातं. मुलीच्या वाटीत तेल आणि दाण्यांची बारीक पूड हात आखडता न घेता घाल. दुधाऐवजी जे देतेस त्यात कॅल्शियम आणि बी-१२ मिसळलेलं आहे का, ते डब्यावर वाच. मीठ आयोडीनचं आहे ना, बघ. वजन-उंचीचा तक्ता दर दोन-तीन महिन्यांनी भर. रेषा सपाट व्हायला लागली की वाट बघू नकोस. बालरोगतज्ज्ञांना काय काय बंद आहे ते न लपवता सांग, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घे, आणि बी-१२ चे थेंब किती द्यायचे ते त्यांच्याकडून लिहून घे.

ती मोबाइलवर टिपून घेत होती. अजून अंगावर पाजतेस का, असं विचारलं तर म्हणाली, रात्री दोनदा. गरोदरपणात बी-१२ ची गोळी होती का? आठवत नव्हतं, लोहाची होती. मग तिला सांगितलं की मोठ्या माणसाच्या यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सोडणाऱ्याला बराच काळ काहीच जाणवत नाही. बाळाकडे तो साठा नसतो. त्याला मिळतं ते आईच्या रक्तातून आणि दुधातून. भरपूर पालेभाज्या खाणाऱ्यांत तर त्यांतल्या फोलेट या जीवनसत्त्वामुळे रक्त चांगलं दिसत राहतं आणि मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालू असते. तेव्हा मुलीच्या आधी, किंवा मुलीबरोबरच, तुझं स्वतःचं बी-१२ या आठवड्यात तपासून घे.

तिने टाइप करणं थांबवलं. "माझं? पण मला तर काहीच त्रास नाही."